शिपाई मूळ आकारातच पाहावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सैनिकांच्या छोट्या प्रतिकृती रंगवण्याच्या छंदावर आपल्या पुरवणीत आलेला लेख आवडला. तक्रार आहे ती सोबतच्या छायाचित्राबद्दल. जेमतेम ५४ मिलीमीटर उंचीचा, म्हणजे माणसाच्या सुमारे बत्तिसाव्या हिश्शाएवढा शिपाई आपण अर्धे पान व्यापेल इतका मोठा करून छापला आणि खाली रंगकाम किंचित भडक झाल्याचा शेरा मारला. तो भडकपणा बहुधा जाणूनबुजून आणलेला असतो.

खऱ्या डगल्याची चुणी दोन-तीन सेंटिमीटर खोल असते, त्यामुळे तिच्यात सावली आपोआप साठते. प्रतिकृतीत तीच चुणी मिलीमीटरभरही खोल नसते, आणि खोलीतला उजेड काही त्या मापाने लहान होत नाही. म्हणून डगला एकाच लाल रंगाने कितीही सफाईने रंगवला, तरी हातभर अंतरावरून तो सपाटच दिसतो. तेव्हा उजेड डोक्यावरून येतो असे धरून खांदे आणि गुडघे उजळायचे, काखा आणि पट्ट्यांखालच्या कडा गडद करायच्या. लालात पांढरा मिसळला की तो गुलाबी होतो, म्हणून उजळण्यासाठी नारिंगी किंवा त्वचेच्या रंगाची छटा घ्यावी लागते, सावलीसाठी काळ्याऐवजी तपकिरी. पांढरे पट्टे आधी राखाडीसर रंगवून निखळ पांढरा फक्त कडांसाठी राखून ठेवतात.

मूळ कापडाशी तंतोतंत जुळणारा रंग लावला की काम झाले, हे लेखातले विधानही अर्धेच खरे आहे. नेपोलियनच्या काळातल्या ब्रिटिश सैन्यात साध्या शिपायांचे डगले मंजिष्ठेच्या जातीच्या मुळांपासून काढलेल्या लाल रंगाचे असत, तर अधिकाऱ्यांचा अधिक झळझळीत लाल रंग कोचिनियल नावाच्या किड्यापासून मिळे. हा फरक दाखवायलाच हवा. पण अस्सल नमुन्याशी जुळवलेला रंगही एवढ्याशा आकारावर अधिक काळपट भासतो, म्हणून तो थोडा फिका करूनच घ्यावा लागतो.

चेहऱ्याची गोष्ट आणखी नाजूक. डोके सात मिलीमीटरच्या आसपास, डोळा मिलीमीटरभरही नाही. माझ्या पहिल्या शिपायाच्या डोळ्यांत मी शुभ्र पांढरा भरून मधोमध काळा ठिपका दिला, तर गडी भूत पाहिल्यासारखा दिसू लागला आणि सगळा चेहरा खरवडून पुन्हा रंगवावा लागला. पांढरा मळकट हवा, बुबुळ वरच्या पापणीला टेकलेले हवे आणि नजर जराशी बाजूला वळलेली असली तर उत्तम. यासाठी सर्वांत बारीक ब्रश लागतो, हा समजही चुकीचा आहे, कारण त्यावरचा ॲक्रिलिक रंग चेहऱ्यापर्यंत पोहोचण्याआधीच सुकतो; टोक शाबूत असलेला, थोडा जाड असा १ क्रमांकाच्या मापाचा ब्रश कितीतरी बरा. (ते टोक ओठांत धरून साधण्याची सवय मात्र कोणीही लावून घेऊ नये, काही रंगांत कॅडमियम हा विषारी धातू असतो.)

हे सारे हिशोब हातभर अंतरावरून पाहणाऱ्या नजरेसाठी मांडलेले असतात. छायाचित्र इतके मोठे केले की छटांमधल्या पायऱ्या उघड्या पडतात आणि गालावरची तांबूस छटा रंगमंचावरच्या नटाची वाटू लागते. पुढच्या वेळी मोठ्या छायाचित्राशेजारी तोच शिपाई मूळ आकारातही छापावा, ही विनंती. त्याला जागा लागेल ती फार तर दोन बोटांची.

आपला,
एक नियमित वाचक