छताचा खर्च पटावर ठरवू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

राजस्थानात झालावाड जिल्ह्यातील पिपलोदी गावच्या सरकारी शाळेचे छत २५ जुलै २०२५ रोजी सकाळी कोसळले. सात मुले गेली. दुसऱ्याच दिवशी केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने सर्व राज्यांना शाळांच्या इमारती तपासायला सांगितले. आपल्याकडे हे नवे नाही. ऑगस्ट २०१७ मध्ये नगर जिल्ह्यातील निंबोडीत जिल्हा परिषद शाळेची खोली पडून तीन विद्यार्थ्यांचा जीव गेला होता, आणि त्यानंतरही धोकादायक खोल्या मोजण्याची अशीच धावपळ झाली होती. मी औसा तालुक्यात चौतीस वर्षे जिल्हा परिषदेची शिक्षिका होते, त्यांतली शेवटची अकरा वर्षे मुख्याध्यापिका. तपासणी होऊन गेल्यावर शाळेत काय घडते ते मी पाहिले आहे. म्हणून हे पत्र.

तपासणीनंतर पहिली गोष्ट घडते ती म्हणजे मुख्याध्यापकाला पत्र येते. धोकादायक खोलीत मुलांना बसवू नये आणि बसवल्यास जबाबदारी मुख्याध्यापकाची, असा त्याचा आशय असतो. मग कुठे बसवायचे, ते त्या पत्रात नसते. आम्ही दुसरी आणि तिसरीची मुले मारुतीच्या देवळाच्या सभामंडपात नेली. श्रावणात तिथे पोथी असायची, लग्नसराईत जेवणावळी, त्या दिवशी मुले पुन्हा शाळेच्या व्हरांड्यात. एका बाजूला चौथीचा वर्ग, दुसऱ्या बाजूला दुसरीचे पाढे, आणि पावसाची झड आली की सगळ्यांनी भिंतीला चिकटून उभे राहायचे.

खोली पाडायची तर तिचे निर्लेखन करावे लागते, म्हणजे सरकारी नोंदीतून ती रीतसर कमी करावी लागते. शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव, केंद्रप्रमुखांमार्फत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे प्रस्ताव, बांधकाम उपविभागाच्या अभियंत्याची पाहणी, जिल्हा परिषदेची मंजुरी, शेवटी जुन्या पत्र्यांचा आणि तुळयांचा लिलाव. आमच्या दोन खोल्यांना यासाठी पावणेदोन वर्षे लागली. नवी खोली ही मात्र वेगळी फाईल. तिचे अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, निधी, सगळे पहिल्यापासून सुरू. या दोन फायलींची कुठेच गाठ पडत नाही. माझ्या शाळेत खोल्या पाडून झाल्या, मी निवृत्त झाले, तरी नुसते जोतेच उरले आहे.

पण खोली त्या अवस्थेला येते कशी, हे मला जास्त महत्त्वाचे वाटते. छत एका दिवसात पडत नाही. आधी पत्र्याच्या खिळ्याभोवती पाणी झिरपते, वाशाचे टोक कुजते. स्लॅब असेल तर आधी ओल दिसते, मग प्लास्टरच्या खपल्या पडतात, मग आतली गंजलेली सळई उघडी पडते. पहिल्या वर्षी गवंडी आणि एक मजूर दोन दिवसांत जे काम करतील ते केले नाही, तर सातव्या वर्षी निर्लेखनाचा प्रस्ताव करावा लागतो.

या किरकोळ दुरुस्तीसाठी शाळेकडे पैसा असतो तो समग्र शिक्षा अभियानाच्या संयुक्त शाळा अनुदानाचा, आणि ते अनुदान पटावर, म्हणजे विद्यार्थ्यांच्या संख्येवर ठरते. ३० पर्यंत पट असेल तर वर्षाला १० हजार रुपये. ३१ ते १०० ला २५ हजार, त्यापुढे १०१ ते २५० ला ५० हजार. या रकमेतला किमान दहावा हिस्सा स्वच्छतेवर खर्च करायचा. उरलेल्यातून खडू, नोंदवह्या, वीजबिल, पाणी, नळाची तोटी, तुटलेली कडी आणि इमारतीची दुरुस्ती. माझ्या शाळेचा पट शेवटच्या वर्षी २८ होता. खोल्या चार, पैकी दोन बंद. या १० हजारांतून वीजबिल भरल्यावर छताला हात लावायला काय उरणार?

पट कमी झाला म्हणून छत लहान होत नाही. पाऊस ८० मुलांच्या खोलीवर पडतो तेवढाच २८ मुलांच्या खोलीवर पडतो. मी या शाळेत रुजू झाले तेव्हा पट ७४ होता. खोल्या गळायला लागल्या, दोन वर्ग देवळात गेले, आणि ज्यांना परवडत होते त्या पालकांनी मुले तालुक्याच्या इंग्रजी शाळेच्या पिवळ्या गाडीत बसवली. मी त्यांना दोष देत नाही. एक आई मला म्हणाली, “बाई, तुमच्या शिकवण्याबद्दल काही म्हणणं नाही, पण पाऊस लागला की माझा जीव थाऱ्यावर राहत नाही.” पट ३० च्या खाली गेला तसे अनुदानही २५ हजारांवरून १० हजारांवर आले. म्हणजे छत सगळ्यात जुने झाले त्याच वर्षी दुरुस्तीचा पैसा सगळ्यात कमी मिळाला. मग कमी पटाच्या शाळा बंद करून त्यांची एकत्र समूह शाळा करण्याच्या चर्चा सुरू होतात, आणि पट का घसरला हे विचारायला कोणी येत नाही. मागे राहतात ती ऊसतोडीला जाणाऱ्यांची, शेतमजुरांची, तांड्यावरची मुले. त्यांना दुसरी शाळा नाही.

आमच्या भागात इमारतीचा विषय निघाला की ३० सप्टेंबर १९९३ आठवतो. गणपती विसर्जनानंतरची पहाट, ३ वाजून ५६ मिनिटे. किल्लारी आमच्याच तालुक्यात. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींनी झोपेतल्या माणसांना गाडले. भूकंप पहाटे झाला म्हणून शाळा रिकाम्या होत्या, हा विचार मी त्यानंतर कित्येकदा केला आहे. पुढे जागतिक बँकेच्या मदतीने पुनर्वसन झाले, गावे नव्या जागी वसली. इमारतीला भूकंपरोधक पट्टे द्यायचे हे आमच्या गवंड्यांना तेव्हा कळले. निजामकाळातल्या शाळांच्या दगडी इमारती सुंदर दिसतात, त्यांच्याबद्दल गावाला माया असते. पण भिंत चुन्यातली आहे की मातीतली, हे पाहिल्याशिवाय त्यांत मुले बसवू नयेत असे मी स्पष्ट सांगते. जी टिकवण्यासारखी आहे ती नीट बळकट करावी, जी नाही ती पाडावी.

सरकार पैसा देतच नाही, असे मी म्हणणार नाही. १९८७ च्या खडू-फळा मोहिमेने एका खोलीच्या कितीतरी शाळांना दुसरी खोली दिली. सर्व शिक्षा अभियानात गावोगाव वर्गखोल्या झाल्या. माझ्या आधीच्या शाळेत २००६ साली एक खोली बांधली, काम ग्रामशिक्षण समितीमार्फत होते. समितीतले एक आजोबा स्वतः जुने गवंडी होते. वाळू चाळल्याशिवाय ते मालाला हात लावू देत नसत, आणि स्लॅबवर माती-गवताची आळी करून त्यांनी एकवीस दिवस पाणी धरले. ती खोली आजही गळत नाही. त्याच वेळी हेही खरे, की त्या वर्षी मी शिकवले कमी आणि सिमेंटच्या पावत्या जास्त सांभाळल्या. काही मुख्याध्यापक तर हिशेबात अडकून निवृत्तीपर्यंत वसुलीच्या नोटिसा घेत राहिले. तेव्हा काम गावाच्या नजरेखाली व्हावे, पण हिशेब बांधकाम विभागाने सांभाळावा.

आज मोठा पैसा निवडक शाळांकडे जातो. २०२२ च्या पीएम श्री योजनेत देशभरातल्या १४,५०० शाळांसाठी पाच वर्षांत २७,३६० कोटींची तरतूद आहे. त्या शाळा चांगल्या व्हाव्यात, मला आनंदच आहे. पण देशात सरकारी शाळा दहा लाखांहून अधिक आहेत. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात सर्व ऋतूंत टिकणारी इमारत हा निकष प्रत्येक शाळेसाठी आहे, आणि त्याच्या पूर्ततेची मुदत ३१ मार्च २०१३ ला संपली. तमिळनाडूतल्या कुंभकोणमच्या शाळेत १६ जुलै २००४ रोजी ९४ मुले जळून गेल्यावर जी याचिका झाली, तिच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने २००९ सालीच सांगितले आहे की सुरक्षित शाळा हा शिक्षणाच्या हक्काचाच भाग आहे. लहान शाळा त्यातून वगळलेली नाही.

माझे मागणे फार नाही. दुरुस्तीचे अनुदान पटापासून वेगळे काढावे आणि ते खोल्यांची संख्या, छताचे क्षेत्रफळ आणि इमारतीचे वय यांवर ठरवावे. ते एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात शाळेच्या खात्यावर यावे, कारण छताचे काम मे महिन्यात होते. आमच्याकडे पैसा यायचा फेब्रुवारी-मार्चमध्ये आणि ३१ मार्चपर्यंत खर्च दाखवावा लागायचा. त्या घाईत रंगरंगोटी उरकते, छत नाही. ओल मारलेल्या भिंतीवर आम्हीही ‘बोलक्या भिंती’ रंगवल्या. मुलांना चित्रे आवडली, आणि श्रावण संपायच्या आत ती फुगून सुटली. दुसरे म्हणजे निर्लेखन आणि नवी खोली यांची फाईल एकच असावी. नव्या खोलीची प्रशासकीय मान्यता आणि निधी हातात असल्याशिवाय जुनी पाडू नये. ती उभी राहणेच धोक्याचे असेल, तर मुलांच्या तात्पुरत्या बसण्याची सोय जिल्हा परिषदेने लेखी कळवावी.

लोकवर्गणीबद्दलही एक सांगते, कारण हा सल्ला मला अनेकदा मिळाला. गावाने दिले. शिक्षकांनी पगारातून दिले. एका ऊसतोड कामगाराने उचलीच्या, म्हणजे आगाऊ मजुरीच्या पैशांतून पाचशे रुपये आणून दिले, ते घेताना माझा हात थरथरला. ज्याच्या मुलासाठी शाळा बांधणे हे सरकारचे कर्तव्य आहे, त्याच्याच उचलीतून पत्रे आणायचे का?

आपल्या वार्ताहरांना एक विनंती आहे. प्रत्येक तालुक्यात किती वर्गखोल्या पाडल्या आणि त्यांपैकी किती पुन्हा उभ्या राहिल्या, या दोन आकड्यांची यादी जिल्हा परिषदेकडून मागवावी आणि पुढच्या जूनमध्ये शाळा उघडण्याआधी गावांच्या नावांसह छापावी.

आपली,
एक निवृत्त मुख्याध्यापिका
ता. औसा, जि. लातूर