रोपं जिवंत परत देणाऱ्या माणसांना

प्रयोगशाळेच्या मॅडम, तिथं पीएचडी करणारी मुलंमुली, हरितगृह सांभाळणारे काका आणि फाटकावरचे वॉचमनदादा, तुम्हा सगळ्यांना सप्रेम नमस्कार.

संस्थेचं नाव मी इथं लिहीत नाही. तुमच्याकडं संशोधन चालतं, लोकांचं बियाणं तपासून देणं हे तुमचं काम नाही, हे मॅडमनी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. नाव लिहिलं तर उद्या पुण्यात तुमच्या दारात पिशव्या घेऊन रांग लागेल. पण आभार मनातल्या मनात मानून माझं समाधान होत नाही, म्हणून हे उघड पत्र.

मी मुळशी तालुक्यातली शेतकरी. आमच्या घरचं आंबेमोहोराचं बी माझ्या सासूबाईंनी राखलंय, त्यांना ते त्यांच्या सासूकडून मिळालं. ज्या मुळशीच्या जमिनींसाठी १९२१ साली सेनापती बापटांनी सत्याग्रह उभा केला, त्या धरणाखाली गेल्या. वर राहिलेल्या खाचरांत आमचं घर हेच भात करत राहिलं. आजूबाजूचे बहुतेक इंद्रायणीकडं वळले, आणि त्यांना मी नावं ठेवणार नाही. आंबेमोहोर उंच वाढतो, दाणा भरता भरता आडवा पडतो, उतारा कमी देतो. इंद्रायणी ही आंबेमोहोराचीच लेक, वडगाव मावळच्या केंद्रात आयआर-८ या बुटक्या, जास्त उतारा देणाऱ्या जातीशी संकर करून १९८७ साली आलेली, हे मला मॅडमकडून कळलं. सासूबाई मात्र दरवर्षी कापणीआधी खाचरात उतरून लोंब्या निवडतात आणि बी वेगळं बांधून ठेवतात.

अलीकडं वास उतरत चालला होता. पुण्यातल्या एका व्यापाऱ्यानं मूठभर तांदूळ हुंगला आणि ‘हा आंबेमोहोर नव्हेच’ म्हणून भाव पाडला. भाव पडल्याचं एवढं नाही, पण हे तो सासूबाईंच्या तोंडावर बोलला. परतीच्या एसटीत त्या एक शब्द बोलल्या नाहीत.

मग ज्यांचं हे काम आहे, ज्याचा त्यांना पगार मिळतो, तिथं मी आधी गेले. एका कार्यालयात पिशवी टेबलावर ठेवूसुद्धा दिली नाही. दुसरीकडं पैसे भरून घेतले आणि उगवणीची टक्केवारी लिहिलेला कागद हातात ठेवला. उगवतं हे आम्हाला माहीत होतं, आम्ही ते दरसाल पेरतो! तिसरे साहेब म्हणाले, ‘बाई, नवीन बियाणं घेऊन टाका.’ शेतकऱ्यानं स्वतःचं बी राखावं, पेरावं, दुसऱ्याला द्यावं, हा हक्क २००१ च्या कायद्यानं दिलाय. मुळशीच्या आंबेमोहोराला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. पण राखलेलं बी खरं आहे का, एवढं विचारायला आलेल्या बाईला बसा म्हणायला कुणी तयार नाही. याची चीड माझ्या मनातून अजून गेलेली नाही.

पुतणीच्या कॉलेजातल्या सरांनी तुमचा पत्ता दिला. वॉचमनदादांनी सासूबाईंना आधी बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं, मग आत फोन लावला. मॅडम स्वतः बाहेर आल्या, पिशवीची गाठ सोडली, भात तळहातावर घेऊन पाहिलं आणि पहिला प्रश्न विचारला, ‘आजी, पेरणीपुरतं घरी ठेवलंय ना? सगळं नाही ना आणलं?’ ठेवलंय म्हटल्यावरच त्यांनी ते घेतलं, तेही जेमतेम मूठभर.

मराठवाड्यातल्या शेतकऱ्याच्या घरातून आलेल्या तुमच्या विद्यार्थ्यानं आम्हाला बसवून, पेन्सिलीनं रेघा काढत सगळं समजावलं. तांदळाची बारा गुणसूत्रं, त्यांवर मिळून डीएनएची अडतीस-एकोणचाळीस कोटी अक्षरं. ती २००५ साली अनेक देशांनी मिळून वाचून काढली, त्यात आपला देशही होता. आठव्या गुणसूत्रावर एक जनुक आहे. ते नीट चालत असेल तर भाताला वास येत नाही. बासमतीत आणि इतर बऱ्याच सुवासिक भातांत त्यातली आठ अक्षरं गळालेली असतात, म्हणून ते बंद पडतं आणि सुवासाचा पदार्थ साठत जातो. सासूबाई म्हणाल्या, ‘म्हणजे काहीतरी सांडलं म्हणून वास आला.’ तो म्हणाला, ‘हो आजी, अगदी तसंच.’ त्याच्या आवाजात त्यांच्याबद्दल मान होता, तो मी विसरणार नाही.

पुढं तुम्ही काय काय तपासलंत ते सगळं मला सांगता येणार नाही आणि इथं त्याची गरजही नाही. मला बोलायचंय ते रोपांबद्दल.

तुम्ही आमचे दाणे छोट्या कपांत पेरलेत. रोपं दोन-तीन पानांची झाल्यावर प्रत्येकाच्या पात्याचं टोक तेवढं कापून घेतलंत. तपासणीला तेवढं पुरतं. नमुना घेतल्यावर रोप एरवी फेकूनच देतात, असं त्या मुलाकडून नंतर कळलं. तुम्ही फेकली नाहीत. प्रत्येक कपावर नंबर होता, तोच नंबर वहीत होता. पाऊस लांबला होता, हरितगृहात उकाडा होता, आणि काका सुट्टीच्या दिवशीसुद्धा येऊन त्यांना पाणी घालत होते. आवणीच्या तोंडावर फोन आला, ‘तुमची रोपं तयार आहेत, घेऊन जा.’ मला आधी कळेचना. आम्ही कागद घ्यायला आलो होतो. कागद तर दिलातच, बरोबर ट्रे दिलेत. खरी आंबेमोहोराची रोपं एकीकडं, दुसऱ्या भाताची एकीकडं, आणि ट्रेच्या पट्टीवर निळ्या शाईत ‘आजींचं भात’. भेसळीचा ट्रे बाजूला ठेवायला लागले, तर तुमच्यातली एक मुलगी म्हणाली, ‘तीही तुमचीच आहेत, न्या. वेगळी लावा म्हणजे झालं.’

मॅडम, सासूबाई तिथं रडल्या ते तुम्ही पाहिलंत. बहुतेक रोपं खरी निघाली म्हणून त्या रडल्या असं तुम्हाला वाटलं असेल. त्याचा आनंद होताच. भाताचं फूल बहुतेक वेळा स्वतःच्याच परागानं फळतं, तेव्हा बी बिघडलेलं नाही, मळणीयंत्रात नाहीतर पोत्यांत दुसरं भात मिसळलं असणार, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा त्यांच्या छातीवरचा दगड उतरला. पण घरी आल्यावर त्या म्हणाल्या, ‘त्यांनी त्याला जीव आहे हे धरलं.’ आयुष्यभर त्या बियाला लेकरागत जपलेल्या बाईला हेच हवं होतं. आधीच्या सगळ्या ठिकाणी तो नमुना होता, अर्ज होता, कटकट होती. तुमच्याकडं ते कुणाचं तरी भात होतं.

एवढं शिकलेली माणसं एवढी साधी वागू शकतात, यावर माझा विश्वास उरला नव्हता. तुमच्यातल्या कितीतरी मुलांच्या फेलोशिपचे पैसे महिनोन्‌महिने अडकतात, असं त्यांच्या बोलण्यातून कानावर आलं. तरी एकाही मुलानं घड्याळाकडं पाहत आमच्याशी बोलणं उरकलं नाही. ही चांगुलपणाची सवय तुम्हाला कुणी लावली, मॅडमनी की तुमच्या घरच्यांनी, ठाऊक नाही. ज्यांनी लावली त्यांनाही माझा नमस्कार पोचवा.

खरी रोपं विहिरीजवळच्या खाचरात वेगळी लावली होती. आता ती फुलोऱ्यात आहेत आणि वास बांधावरूनच येतो. शेजारच्या काही घरांनी आत्तापासून बी मागून ठेवलंय. या वेळी मळणी यंत्रावर नाही, आमच्याच खळ्यावर झोडून करणार. पहिली पिशवी तुमच्या बियाण्याच्या शीतपेटीत ठेवायला द्यायची, असं सासूबाईंनी ठरवलंय. खायचे तांदूळ वेगळे येतील, ते परत करू नका. दिवाळीच्या मागंपुढं कापणी आहे. काकांना आणि वॉचमनदादांना धरून सगळे या, येण्याआधी फोन करा, जेवण आमच्याकडंच.

आपली कृतज्ञ,
मुळशीची एक भात उत्पादक