लोणी कुणाच्या ताटात पडलं?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

किल्लारीच्या भूकंपाच्या स्मरणदिनी आपण छापलेला लेख चांगला होता. त्यावर याच सदरात एका वाचकांचं पत्र आलं, त्यातलं एक वाक्य मात्र घशाखाली उतरेना. ‘मिशनरी मंडळी तेव्हा मढ्याच्या टाळूवरचं लोणी खायला आली होती,’ असं त्यांनी लिहिलं आहे. त्या मंडळींपैकी एका घरातली मी मुलगी. तेव्हा नववीत होते. लोणी कुणी खाल्लं असेल तर मला ठाऊक नाही. आमच्या घरात त्या वर्षी काय शिजत होतं एवढं मात्र सांगू शकते, म्हणून हा पत्रप्रपंच.

मिशनरी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे अजून हॅटवाला गोरा साहेब येतो. माझे वडील नगर जिल्ह्यातल्या एका मिशन दवाखान्यात कंपाउंडर होते आणि रविवारी शेजारच्या खेड्यातल्या छोट्या मंडळीचे, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती समाजाचे, पाळक. आई त्याच दवाखान्यात नर्स. महिन्याची वीस तारीख उलटली की वाण्याकडे वही चालायची. परदेशातून पैसा येतो म्हणतात तो कुठे उतरायचा कोण जाणे, आमच्या बिऱ्हाडापर्यंत तरी कधी आला नाही.

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी लातूर-उस्मानाबादची ती गावं बसली. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालं होतं, माणसं दमून घरात झोपली होती. तिकडची घरं दगडमातीच्या जाड भिंतींची. वर लाकडी माळवद आणि त्यावर हात-दीड हात मातीचा थर. उन्हाळ्यात गार वाटतं म्हणून आणि पावसात गळू नये म्हणून वर्षानुवर्षं माती चढवत गेलेली. तीच अंगावर आली. सरकारी हिशेबानेच आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. वर लगेच पाऊस. चिता पेटेनात, ढिगारे चिखल झाले. हे सगळं आपल्या लेखात आलंच आहे, फार लिहीत नाही.

बातमी कळली आणि दवाखान्याची जीप निघाली, तीत आई-वडील दोघंही होते. मला आणि धाकट्या भावाला आत्याकडे सोडलं. चार-आठ दिवसांत येतो म्हणाले आणि राहिले पुढच्या पावसाळ्यापर्यंत. सुरुवातीचे डॉक्टर, पुढारी, फोटोवाले पांगले तेव्हा खरं काम सुरू झालं, असं आई म्हणते. मोडलेली कंबर, चिघळलेले पाय, रोजचं ड्रेसिंग. पत्र्याच्या शेडमध्ये तिचा दवाखाना. निर्जंतुक करायला धड सोय नव्हती, म्हणून आमच्या घरचा पाच लिटरचा प्रेशर कुकर तिने मागवून घेतला आणि त्यात गॉजच्या घड्या वाफवायची. इकडे आत्याकडे आम्ही कुकरवाचून डाळ उकळत बसायचो. तो कुकर नंतर घरी आला, पण आईने त्यात पुन्हा कधी वरण लावलं नाही.

एक प्रसंग आईने इतक्यांदा सांगितला आहे की मी तिथे असल्यासारखा मला दिसतो. एका म्हातारीच्या नडगीची जखम ती धूत होती. म्हातारीचा मुलगा, सून आणि नातवंडं एकाच खणात गेली होती. आईच्या गळ्यातला क्रूस बघून ती म्हणाली, “बाई, तुझा देव तरी जागा होता का त्या रात्री? आमचा तर आदल्या दिवशीच पाण्यात बुडवून आलो होतो.” आता इथे एखाद्या धर्मप्रचारकाने काय केलं असतं? संधी साधली असती. आई म्हणाली, “ठाऊक नाही, मावशी. पाय हलवू नका.”

आमच्या घरी रोज रात्री जेवणाआधी कौटुंबिक उपासना व्हायची. एक गीत, शास्त्रपाठ, प्रार्थना, मग ताट. वडिलांनी हा नेम शेडमध्येही चालू ठेवला. त्यांचं आवडतं बायबलातलं 46वं स्तोत्र. पृथ्वी उलटीपालटी झाली, डोंगर समुद्रात कोसळले तरी आम्ही भिणार नाही, असा त्याचा आशय. पहिल्याच आठवड्यात आईने त्यांचा हात धरला. “हे वाचू नका. पत्र्यापलीकडे माणसं झोपलीत, त्यांना ऐकू जातं.” वडिलांनी पुस्तक मिटलं. त्यानंतर बरेच महिने आईने मोठ्याने प्रार्थना केली नाही आणि गीत म्हटलं नाही. तिचा आवाज आमच्या मंडळीत नावाजलेला, तरी. वडील एकटेच पुटपुटायचे आणि ती शेजारी बसून पट्ट्या गुंडाळायची. दोघांत यावरून भांडणंही झाली. वडिलांना वाटायचं, पाळकाच्याच घरात गीत बंद पडलं तर कसं व्हायचं. आईचं म्हणणं, देवाशी माझं बोलणं बंद आहे, पण काम बंद नाही, तेवढ्यावर भागवा.

वडिलांनी पुढे बायबलातलं ईयोबाचं पुस्तक काढलं, सगळं गमावलेल्या माणसाचं. मला लिहिलेल्या एका आंतरदेशीय पत्रात त्यांनी म्हटलं होतं, की ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट बसून राहिले तेवढंच त्यांनी शहाणपण केलं, तोंड उघडलं आणि सगळं बिघडवलं. पत्राच्या उरलेल्या जागेत भावाला जंताचं औषध द्यायची आठवण होती.

आता पत्रकांविषयी, कारण तोच खरा राग दिसतो. होय, पत्रकं वाटली गेली. बाहेरून आलेल्या एका गटाने ब्लँकेटांच्या घडीत येशूची पत्रकं घालून दिली. वडील त्यांच्या गाडीपुढे जाऊन उभे राहिले आणि पत्रकं बाजूला काढल्याशिवाय गाडी पुढे जाऊ दिली नाही. त्यांचा नियमच होता, पोत्यासोबत पत्रक नाही. ज्याला विचारायचं असेल तो येऊन विचारील, तेव्हा सांगू. त्या गटाने वरपर्यंत तक्रार केली आणि वडिलांना कडक पत्र आलं. ते त्यांनी वाचून चुलीत घातलं. ते दोघं राहिले त्या वस्तीत एकही माणूस ख्रिस्ती झाला नाही. पत्रलेखकांनी जाऊन विचारावं.

आणि विचारायचंच तर सगळ्यांना विचारावं. त्या भागात ज्याने गाव दत्तक घेतलं त्याने आपल्या नावाची पाटी लावलीच. कुणी उद्योगपतीची, कुणी संताची, कुणी पक्षाची. मला त्यात वावगं वाटत नाही, घरं तर उभी राहिली. पण पाटी लावणारे सगळे दानशूर आणि क्रूस घातलेली नर्स तेवढी लोण्यासाठी आलेली, हा कुठला न्याय?

हा आरोप आमच्या घराला नवा नाही, तोही हिशेब मांडते. 1899-1900 च्या दुष्काळात माझी पणजी पोटामागे चालत नगरच्या मिशन बोर्डिंगात आली. सहा-सात वर्षांची असेल. पुढे तिचा बाप्तिस्मा झाला. उपाशी पोरीचा बाप्तिस्मा हा तिचा स्वतःचा निर्णय म्हणायचा का, यावर आमच्या घरात ताटावर बसून वाद झालेले आहेत आणि ते मिटलेले नाहीत. वडील म्हणत, भाकरी आधी मिळाली, प्रश्न नंतर आला. भाऊ म्हणतो, भाकरी हाच प्रश्न होता. त्या दुष्काळातल्या कामासाठी अमेरिकन मराठी मिशनच्या रॉबर्ट ह्यूम साहेबांना कैसर-ए-हिंद सुवर्णपदक मिळालं. माणूस मुंबईत जन्मलेला, आयुष्य नगरात घालवलेला, पदकाला लायकच. पण पणजी आजीला सांगायची ते ज्या मराठी बायांनी तिच्या डोक्यातल्या उवा काढल्या आणि हगवण धुतली त्यांच्याविषयी. त्यांची नावं आमच्या घरातही कुणाला सांगता येत नाहीत.

पंडिता रमाबाईंचं उदाहरण लोक नेहमी देतात, पण त्यातला एक भाग कुणी उच्चारत नाही. त्यांचे आई-वडील दुष्काळातच गेले होते. म्हणून 1896-97 ला मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा त्या स्वतः तिकडे गेल्या आणि निराधार मुली-विधवांना घेऊन आल्या. 1900 मध्ये गुजरातेतूनही आणल्या, केडगावच्या त्यांच्या ‘मुक्ती’ आश्रमातली संख्या दोन हजारांच्या घरात गेली. आणि त्यांची एकुलती एक मनोरमा? ती याच वर्षांत शिकायला परदेशी होती. दोन हजारांची आई झालेल्या बाईचं स्वतःचं लेकरू समुद्रापलीकडे. मनोरमा परतली, आईच्या कामाला जुंपली आणि 1921 मध्ये आईच्या आधी गेली. पुढच्याच वर्षी, 5 एप्रिल 1922 ला रमाबाई गेल्या. शाळेत रमाबाईंवर निबंध लिहिताना मला मनोरमेचंच वाटत राहायचं. बाईंनी तेवढा परिच्छेद खोडला, विषयांतर म्हणून.

कारण लोणी शोधायचंच असेल तर अशा घरांतली मुलं बघावीत. त्या नाताळात आत्याने आम्हाला एसटीत बसवून दिलं, सोलापूरला गाडी बदलून उमरग्याला उतरलो. वडील घ्यायला आले होते, ते आधी ओळखूच आले नाहीत, इतके वाळलेले. शेडवर तारा लावलेला नव्हता. गावाची दिवाळी अंधारात गेली, आपण रोषणाई कशी करायची, असं वडिलांचं म्हणणं. भाऊ पाचवीत होता. तो ओरडला, “सगळ्या गावाची लेकरं तुमची, मग आम्ही कुणाची?” आई काही बोलली नाही. संध्याकाळी शेजारच्या शेडमधली एक बाई कंदील घेऊन आली आणि वडिलांनाच दटावून गेली, की लेकरं इतक्या लांबून आलीत, त्यांच्या सणाला अंधार कसला करता. कंदील टांगला गेला. भावाचा राग काही त्याने गेला नाही.

तो अजून गेलेला नाही. भाऊ आज पुण्यात नोकरीला आहे, देवळात (चर्चला आम्ही देऊळच म्हणतो) जात नाही. लग्न नोंदणी पद्धतीने केलं. वडिलांच्या अंत्यविधीला त्याने खांदा दिला आणि उपासना सुरू झाल्यावर बाहेर उभा राहिला. मंडळीतले काही लोक त्याला नावं ठेवतात. मी ठेवत नाही. त्याच्या वाट्याचं बालपण कुणाच्या तरी पायाच्या पट्टीत गेलं आणि ते कुणी त्याला विचारून नेलं नव्हतं. मी स्वतः मंडळीत आहे, गायनवृंदात आहे, आणि माझी श्रद्धा आईकडून आली आहे, वडिलांकडून नव्हे. बोलणं बंद, पण काम चालू, हे मला कळतं. आईचं गीत पुन्हा कधी सुरू झालं ते तिलाही आठवत नाही. नगरला परत आल्यावर एका सकाळी भांडी घासताना ती गुणगुणत होती, इतकंच मला आठवतं.

पत्रलेखकांनी ‘धर्मांतराचे आकडे जाहीर करा’ अशी मागणी केली आहे. जरूर करावेत, ज्याच्याकडे असतील त्याने. आईकडे दुसरी नोंद आहे. दोनशेपानी वहीत तिने रोजची ड्रेसिंग लिहून ठेवली आहेत: नाव, गाव, जखम कुठली, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं की नाही, घरात किती माणसं उरली. धर्माचा रकाना त्यात नाही, जातीचाही नाही. पानं पिवळी पडली आहेत, काही ठिकाणी आयोडीनचे डाग आहेत. लातूर-धाराशिवकडच्या कुणा अभ्यासकाला किंवा ग्रंथालयाला ती सांभाळायची असेल तर आई द्यायला तयार आहे. रुग्णांची नावं मात्र छापायची नाहीत, ही तिची अट आहे.

पत्रलेखकांनाही आमचं निमंत्रण आहे. नगरला यावं, वही पाहावी, आईशी हवं तेवढं भांडावं. पत्ता आपल्या कार्यालयाला कळवला आहे. दुपारी दोन ते चार ती झोपते, तेवढी वेळ टाळावी.

आपली विश्वासू,
एक वाचक, नगर
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)