‘आज रक्त देऊ नका’ म्हणणाऱ्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव मला माहीत नाही. कोटाच्या खिशावर पट्टी होती, पण माझं सगळं लक्ष घड्याळाकडे. रात्रीपासून पोटात पाण्याशिवाय काही नव्हतं आणि रांगेत माझ्यापुढे अकरा माणसं होती. नंबर लागल्यावर मी बाही वर करूनच बसले. तुम्ही सिलिअॅकच्या (गव्हातल्या ग्लूटेन या प्रथिनाने आतड्याला इजा होते तो आजार) तपासणीची चिठ्ठी वाचलीत, दंडाला पट्टा बांधलात, बोटाने शीर चाचपलीत आणि सहज विचारलंत, “गहू खाताय ना सध्या?”

मी मोठ्या ऐटीत सांगितलं, पाच महिने झाले, कणसुद्धा नाही.

तुम्ही पट्टा सोडलात. “मग आज रक्त देऊ नका. आधी डॉक्टरांशी बोला.”

“अहो, मी उपाशी आलेय!” असं मी जवळजवळ ओरडलेच. त्यावर तुम्ही शांतपणे म्हणालात की या तपासणीला उपाशी यावंच लागत नाही. माझा पारा आणखी चढला. तेव्हा आधी माफी मागते, आभार त्यानंतर.

तुम्हाला माहीत नसलेली गोष्ट अशी, की हीच तपासणी वर्षभरापूर्वी मी दुसरीकडे केली होती. तेव्हाही गहू बंदच होता आणि कोणी विचारलं नव्हतं. रिपोर्ट निगेटिव्ह आला, मी पुन्हा गहू सुरू केला आणि पुन्हा आडवी झाले. हिमोग्लोबिन वर यायचं नाव घेईना, लोहाच्या गोळ्या खाऊनही फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तळाला. मधल्या काळात कोणाच्या तरी सांगण्यावरून निरनिराळ्या पदार्थांविरुद्धच्या आयजीजी जातीच्या अँटीबॉडींच्या तपासणीचं भलंमोठं पॅकेजही केलं. लाल, पिवळ्या, हिरव्या रकान्यांची पानंच्या पानं हातात आली. आपण जे खातो त्याच्या आयजीजी अँटीबॉडी रक्तात सापडणारच, त्यावरून सिलिअॅक ठरत नाही की सेन्सिटिव्हिटी, म्हणजे एखादा पदार्थ न सोसणं, तेही नाही, हे फार नंतर कळलं. तोवर मी त्यातले निम्मे पदार्थ सोडून बसले होते.

तुम्ही परत पाठवल्यावर डॉक्टरांनी नीट समजावलं. सिलिअॅकमध्ये शरीर आपल्याच एका एन्झाइमविरुद्ध अँटीबॉडी तयार करतं. त्याचं नाव टिश्यू ट्रान्सग्लुटामिनेज, म्हणजे चिठ्ठीवरचं ‘टीटीजी’. पण हे चालतं ते गहू, बार्ली, राय यांतलं ग्लूटेन पोटात जात असेपर्यंत. ते थांबलं की अँटीबॉडी आठवड्या-महिन्यांत उतरत जातात आणि आतड्याचं अस्तरही भरून यायला लागतं. म्हणजे रोग असतो, पुरावा तेवढा पुसला जातो. विलेम-कारेल डिके या डच बालरोगतज्ज्ञांना गव्हाचा संशय आधीपासून होता. १९४४-४५ च्या दुष्काळी हिवाळ्यात धान्य मिळेनासं झालं तेव्हा त्यांची आजारी मुलं सुधारली, असं सांगतात. त्या मुलांना गहू बंद झाल्यावर जे झालं, तेच मी स्वतःवर करून घेतलं होतं आणि वर पुरावा शोधायला निघाले होते.

डॉक्टरांच्या देखरेखीखाली रोज ठरलेल्या प्रमाणात गहू खाऊन मी आठ आठवडे काढले. त्यांचं वर्णन करत नाही. पोट फुगलेलं, डोकं जड, घरात कोणाशी धड बोलणं नाही. तिसऱ्या आठवड्यात तुमचा इतका राग आला होता म्हणून सांगू!

दुसऱ्या खेपेला तुम्ही चिठ्ठीवर बोट ठेवून विचारलंत, “एकूण आयजीए लिहिलेला नाही, डॉक्टरांना विचारू का?” मला वाटलं, वाढवलं बिल. फोन झाला, तपासणी वाढली आणि माझा एकूण आयजीए अगदी व्यवस्थित निघाला. तरी ती वाया गेली असं आता वाटत नाही. मुख्य तपासणी आयजीए जातीच्या अँटीबॉडी मोजते. ज्याच्या शरीरात आयजीएच तयार होत नाही, त्याचा टीटीजी-आयजीए रोग असूनही निगेटिव्ह येणार. सिलिअॅकच्या शंभरातल्या दोन-तीन रुग्णांचं असं होतं. त्यांच्यासाठी मग आयजीजीवर आधारलेल्या तपासण्या लागतात, टीटीजी-आयजीजी किंवा ग्लूटेनच्या तुकड्यांविरुद्धच्या अँटीबॉडी मोजणारी डीजीपी-आयजीजी. माझा एकूण आयजीए ठीक होता, म्हणूनच पुढच्या आकड्यावर विश्वास ठेवता आला.

तो आकडा मर्यादेच्या तिपटीच्या आसपास आला. खात्रीसाठी डॉक्टरांनी ईएमए ही अँटीबॉडींचीच दुसरी तपासणी सांगितली. ती कशी करतात हे तुम्हीच सांगितलंत: काचेच्या पट्टीवर ऊतीचा पातळ काप, त्यावर रुग्णाचं रक्तद्रव, अँटीबॉडी असल्या तर सूक्ष्मदर्शकाखाली हिरवट जाळी चमकते. यंत्र आकडा देत नाही, माणसाच्या डोळ्याने वाचावं लागतं. “आमच्या मॅडम शंका आली की उठून चहा घेतात आणि परत येऊन पाहतात,” असं म्हणालात ना, ते माझ्या डोक्यात बसलंय. माझी जाळी चमकली. मग दुर्बीण घालून लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातून सहा तुकडे काढले. सहा का, तर इजा ठिकठिकाणी असते, एकाच तुकड्यात नेमकी चांगली जागा यायची. रिपोर्टवर आतड्याची इजा मोजायच्या मार्श मापात ३ आलं, म्हणजे अस्तरावरचे लव्हाळ्यासारखे उंचवटे झिजलेले. इतक्या वर्षांचा थकवा कागदावर पाहून मला चक्क हायसं वाटलं.

मग घरच्यांची पाळी. सख्ख्या नात्यात धोका जास्त असतो म्हणून भाऊ आणि मुलगी दोघंही तुमच्याकडे आले. मुलीच्या अँटीबॉडी निगेटिव्ह, पण जनुकांच्या तपासणीत या आजाराशी जोडलेलं एचएलए-डीक्यू२ सापडलं. मी काउंटरवरच रडायला लागले. निदान सांगणं आपलं काम नाही हे तुम्ही आधीच स्पष्ट केलंत आणि तरी एवढं बोललात, “हे किंवा याच्यासारखंच डीक्यू८ हे जनुक शंभरात तीस-चाळीस जणांत असतं हो. त्यातल्या फार थोड्यांना हा आजार होतो.” डॉक्टरही तेच म्हणाले: डीक्यू२ आणि डीक्यू८ दोन्ही नसतील तर सिलिअॅक जवळजवळ बाद करता येतो, असलं तर फक्त लक्ष ठेवायचं. मुलगी गहू खातेय, अधूनमधून तिचं रक्त तपासू.

भावाचं मात्र घोडं अडलं. त्याला गहू खाल्ला की त्रास होतो, पण गहू खात असतानाच केलेली टीटीजी निगेटिव्ह, एकूण आयजीए ठीक, गव्हाच्या अॅलर्जीची आयजीई तपासणीही निगेटिव्ह. तो तुम्हाला म्हणाला, “मग ग्लूटेन सेन्सिटिव्हिटीची टेस्ट करा.” अशी तपासणी नाही, हे तुम्ही सरळ सांगितलंत. रक्त नाही, शौच नाही, केस तर नाहीच. बाकीचं वगळून, आहारात बदल करून, जमल्यास रुग्णाला न कळता ग्लूटेन आणि नुसती भुकटी आलटून-पालटून देऊन बघायचं. तो नाराज झाला. दुसरीकडे कुठेतरी त्याला एखादी ‘सेन्सिटिव्हिटी पॅनल’ नक्की मिळाली असती. तुम्ही ती विकली नाहीत.

माझं निदान डॉक्टरांनी केलं, तुकडे दुसऱ्यांनी वाचले. पण त्या सकाळी तुम्ही तो पट्टा सोडला नसतात, तर माझ्या फायलीत दुसरा निगेटिव्ह रिपोर्ट लागला असता आणि तिसऱ्यांदा कोणी तपासायला सांगितलंच नसतं.

परवा फॉलोअपच्या टीटीजीसाठी आले होते. न्याहारी करून! तुम्ही पट्टा बांधलात, शीर चाचपलीत आणि विचारलंत, “गहू बंद आहे ना?”

एका वर्षात प्रश्न उलटा झालाय, हे तुमच्या लक्षात आलं का?

तुमची,
अकरा माणसांमागे उभी राहून चिडलेली बाई