सहा मतांचं गाव आणि आमचा बूथ

मा. संपादक,
स.न.वि.वि.

अमेरिकेत इलेक्शन आलं की आपल्याकडे एक बातमी ठरलेली असते, न्यू हॅम्पशायर राज्यातल्या डिक्सविल नॉच नावाच्या इवल्याशा गावात रात्री बाराच्या ठोक्याला मतदान झालं आणि पहिला निकाल आला. 2024 ला हॅरिसबाई 3, ट्रम्प 3. लगेच सगळीकडे 'चुरशीचे संकेत'. अहो कसले संकेत, मतदारच सहा आहेत तिथे, आमच्या नाशिकच्या सिडकोतल्या एका जिन्यात त्याहून जास्त निघतील.

बरं संकेतच बघायचे तर त्या गावाचा रेकॉर्ड बघा ना. 1960 ला तिथे हा मध्यरात्रीचा प्रकार सुरू झाला, निक्सनला 9 पैकी 9 मतं पडली आणि निवडून आले केनेडी. 2016 ला तिथे हिलरी क्लिंटन 4 ट्रम्प 2, आणि राष्ट्राध्यक्ष झाले ट्रम्प. 2020 ला बायडनना 5 पैकी 5, ते जमलं, पण ज्या काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, हे गाव येतं तिथे तेव्हाही ट्रम्पच पुढे होते. म्हणजे शेजारच्या गावाचा अंदाज नाही आणि म्हणे देशाचा.

आता 'गावाचा कल बदलला' असं लिहितात त्याबद्दल. 2000 साली तिथे रिपब्लिकन बुश 21 डेमोक्रॅट गोर 5 होते, 2008 ला डेमोक्रॅट ओबामा 15 रिपब्लिकन मॅकेन 6. पण गाव म्हणजे मुळात तिथलं बाल्सम्स नावाचं मोठं हॉटेल, मतदानही त्यातच व्हायचं. ते 2011 ला बंद पडलं आणि मतदार कमी कमी होत पाच-सहावर आले. एवढ्या आकड्यात मतं बदलली का माणसंच बदलली हे कोण सांगणार. एमआयडीसीतली मोठी कंपनी बंद झाली की मागच्या कॉलनीतली मतदारयादी कशी होते ते सातपूर-अंबडवाल्यांना विचारा.

पण मला खरं लिहायचंय ते वेगळंच. 5 पैकी 5 एकाच माणसाला, म्हणजे गुप्त मतदान राहिलं कुठे? 2024 ला त्या सहा जणांत चार नोंदणीकृत रिपब्लिकन, म्हणजे ट्रम्पच्या पक्षाचे होते आणि दोन कुठल्याच पक्षाचे नाहीत असे, तरी हॅरिसना 3 मिळाली, म्हणजे एक तरी रिपब्लिकन फुटला हे गावातल्या कुणालाही बोटांवर मोजून कळेल. त्यांना त्याचं काही वाटत नसावं. तिकडे लोक पक्षाचं नाव मतदारयादीत लिहून देतात, अंगणात उमेदवाराचे बोर्ड लावतात.

आपल्याकडे तसं नाहीये. आमचं मूळ गाव निफाड तालुक्यात, निकालानंतर दोन दिवसात बूथवार आकड्यांचा कागद पुढाऱ्याच्या माणसांच्या मोबाईलवर असतो, फॉर्म 20 म्हणून तो अधिकृतपणे जाहीरच होतो म्हणा. मग सुरू, या वस्तीने दगा दिला, त्या मळ्याने लीड दिला. रस्त्याचं काम, विजेची डीपी, पाण्याची लाईन मागायला गेलं की आधी बूथ नंबर विचारतात!! आणि शिक्का एकदा बसला की बसला, लोक मात्र बदलत असतात. 2024 च्या जूनमध्ये दिंडोरीत कांद्याच्या रागाने केंद्रातल्या भाजपच्या राज्यमंत्री पडल्या आणि नोव्हेंबरला विधानसभेत जिल्ह्यातल्या 15 पैकी 14 जागा महायुतीला, मतदार तेच. तरी आमची वस्ती अजून 'त्यांची'च.

पूर्वी कागदी मतपत्रिका होत्या तेव्हा गरज पडली तर वेगवेगळ्या बूथच्या मतपत्रिका एकत्र मिसळून मोजायची सोय होती. ईव्हीएम आलं आणि ते गेलं. 2008 मध्ये निवडणूक आयोगाने टोटलायझर सुचवला होता, 14 मशीन एकत्र जोडायची आणि बेरीजच फक्त दिसेल, 2015 ला विधी आयोगानेही तेच म्हटलं. पण केंद्र सरकारने नको म्हटलं, बूथवार आकडे असले की पक्षांना कुठे काम करायचं ते कळतं म्हणे. कुठे करायचं नाही तेही कळतं की.

याला दुसरी बाजू आहे, नाही म्हणत नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या मारकडवाडीत विधानसभेनंतर ईव्हीएमचा आकडा पटला नाही म्हणून लोकांनी बॅलेटवर परत मतदान घ्यायची तयारी केली, प्रशासनाने ते होऊ दिलं नाही, पण त्यांचं म्हणणं बरोबर का चूक ते बाजूला ठेवा, आपल्या गावचा आकडा समोर होता म्हणून तर त्यांना शंका घेता आली. टोटलायझर आला तर ही सोय जाईल. तरी मला विचाराल तर तीस-चाळीस घरांच्या वस्तीला शंका घेण्यापेक्षा लपण्याची गरज जास्त आहे.

कायदा बदलेल तेव्हा बदलेल. तोवर तुमच्या पेपरात निकालाच्या दुसऱ्या आठवड्यात 'कोणत्या गावाने कुणाला साथ दिली' असे तक्ते येतात त्यात निदान तीनशेच्या आत मतदान झालेले बूथ वेगळे दाखवू नका, शेजारच्या बूथमध्ये मिळवून छापा. एवढं तुमच्या हातात आहे.

आपला,
एक वाचक, सिडको, नाशिक