तिऱ्हाईत साक्षीदाराचा आग्रह धरल्याबद्दल: एक जाहीर आभारपत्र

आदरणीय मॅडम,

सप्रेम नमस्कार.

बूटलोडरच्या (उपकरण चालू होताच मुख्य प्रणाली सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामच्या) फाइली वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या, म्हणजे फाइलसिस्टीम भागासाठी आम्ही लिहीत असलेल्या स्वयंचलित चाचण्या आपण स्वतःची नोकरी सांभाळून ओळ न् ओळ तपासल्यात आणि आमच्या प्रत्येक शंकेला लेखी उत्तर दिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. पत्र जाहीरपणे लिहितो आहे, कारण जालना-परभणीकडे अशी उपकरणे बनवणाऱ्या इतरांनाही आपले सांगणे उपयोगी पडेल.

शेतातल्या मोटारी चालू-बंद करणाऱ्या आमच्या नियंत्रक पेटीत यू-बूट हा बूटलोडर आहे. आपल्या मराठवाड्यात शेतीची वीज पाळीने येते, त्यामुळे पेटी रोज नव्याने सुरू होते आणि दर वेळी यू-बूटला मेमरी कार्डावरून कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, वाचून घ्यावे लागते. तिथे वाचन फसले की शेतकऱ्याच्या लेखी मोटारच बिघडलेली असते. रात्रीच्या पाळीला बांधावर सिरियल केबल घेऊन कोणी उभे नसते. म्हणूनच ही तपासणी कारखान्यातच आणि माणसाच्या हाताशिवाय व्हायला हवी होती.

यू-बूटचा सँडबॉक्स प्रकार साध्या प्रोग्रामसारखा लिनक्सवरच चालतो, डिस्कची प्रतिमा (अख्ख्या डिस्कची फाइलरूपातली नक्कल) त्याला 'होस्ट बाइंड' आज्ञेने जोडता येते आणि पायथॉनमधल्या पायटेस्टच्या चाचण्या त्याच्याशी बोलतात, इथपर्यंत आम्हाला माहीत होते. त्यापुढचे आपले म्हणणे असे की, ज्या कोडने फाइल लिहिली त्याच कोडने ती वाचून ताळा जुळवला, तर लिहिण्यातली आणि वाचण्यातली चूक एकमेकींना झाकतात. म्हणून साक्षीदार नेहमी तिऱ्हाईत असावा. यू-बूटने वाचायची प्रतिमा एमकेएफएस आणि एमटूल्स या स्वतंत्र साधनांनी घडवायची, आणि यू-बूटने लिहिलेली प्रतिमा एफएससीके या तपासणी-साधनाने दुरुस्ती न करता नुसती तपासायची. एमटूल्सला प्रतिमा माउंट करावी लागत नाही, म्हणजे रूटचे (प्रशासकाचे) अधिकारही लागत नाहीत. प्रोग्राम आपोआप बांधून तपासणाऱ्या आमच्या बिल्ड सर्व्हरसाठी ही मोठीच सोय ठरली.

लांब नावांच्या चाचणीचा मात्र मी खास उल्लेख करीन. फॅट या फाइलसिस्टीमच्या निर्देशिकेत (फोल्डरमध्ये) प्रत्येक नोंद 32 बाइटची असते, म्हणजे 4096 बाइटच्या क्लस्टरमध्ये (डिस्कवरच्या जागेच्या एका गटात) 128 नोंदी मावतात. लांब नावाचे तुकडे प्रत्येकी 13 अक्षरांचे असून ते त्याच फाइलच्या लहान (आठ अधिक तीन अक्षरी) नावाच्या नोंदीच्या आधी, उलट्या क्रमाने बसतात. आपण सुचवलेत की उपनिर्देशिकेत कॅपिटल अक्षरांतल्या लहान नावांच्या 124 फाइली आधी भराव्यात. एक टिंब आणि दोन टिंबे या नावांच्या नोंदी धरून 126 जागा संपतात. मग 40 अक्षरी नावाची फाइल ठेवावी. तिला चार तुकडे आणि एक लहान नोंद, अशा पाच जागा लागतात, आणि त्यांपैकी दोन पहिल्या क्लस्टरमध्ये व तीन पुढच्यात पडतात. वाचणाऱ्या कोडने क्लस्टर ओलांडताना आधीचे तुकडे हातचे सोडले, तर ते इथे उघडे पडते. सहज म्हणून दहा-वीस फाइली टाकून केलेली चाचणी त्या सीमेपर्यंत पोहोचतच नाही. ही आकडेमोड आपण फोनवर, बहुधा कागदाशिवाय, केलीत, याचे मला अजून नवल वाटते.

साधने बदलली की चाचण्याही पुन्हा चालवाव्यात, हे पटवून देताना आपण ग्रब या दुसऱ्या बूटलोडरचे उदाहरण दिलेत. फेब्रुवारी 2023 मध्ये आलेल्या ई-टू-एफएस-प्रॉग्स या डिस्क घडवणाऱ्या साधनसंचाच्या 1.47.0 आवृत्तीने 'मेटाडेटा सीसम सीड' हे वैशिष्ट्य नव्या एक्स्ट-4 फाइलसिस्टीममध्ये आपोआप चालू केले, ग्रब 2.06 ला ते ओळखता येत नव्हते, आणि अशी डिस्क त्याला वाचता येईना. ग्रबमध्ये एका ओळीचाही बदल झालेला नसताना. आता आमच्याकडे सर्व्हरवर पॅकेज अद्ययावत झाले की सारा संच पुन्हा चालतो.

हिरव्या निकालावर विसंबू नका, हेही आपलेच सांगणे. एखादे साधन बसवलेले नसेल तर चाचणी नापास होत नाही, ती गाळली जाते, आणि अहवाल लाल होत नसल्यामुळे ते कोणाच्या डोळ्यांवर येत नाही. गाळलेल्या चाचण्यांची संख्या अपेक्षेपेक्षा जास्त निघाली तर बिल्डच थांबवावा, असा नियम आपल्या सूचनेवरून लावला आहे. सहकारी त्यावर कुरकुरतात. नियम तसाच राहील.

लिहिता लिहिता वीज गेली तर काय, याच्या चाचण्या सध्या चालू आहेत. प्रतिमेवरचे लेखन प्रत्येक सेक्टरनंतर (डिस्कवर लिहिल्या जाणाऱ्या सर्वांत लहान भागानंतर) तोडून, उरलेल्या प्रतिमेतून जुने कर्नल वाचता येते का, एवढेच त्यात पाहतो. पहिला मसुदा या आठवड्यात आपल्याकडे पाठवत आहे. सवडीने पाहावा, आणि नेहमीप्रमाणे खोडताना हात आखडू नये, ही विनंती.

आपला नम्र,
जालन्यातील एक ऋणी अभियंता