सच्छिद्रतेची नुसती टक्केवारी काय कामाची?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या विज्ञान पुरवणीतला सच्छिद्र सिरॅमिकवरचा लेख वाचला. या विषयाला जागा दिलीत, बरे वाटले. पण 'सच्छिद्रता जितकी जास्त तितकी गाळणी उत्तम' या वाक्यापाशी अडले. माझी सगळी नोकरी सिरॅमिकच्या चाचण्या करण्यात गेली. टक्केवारी तेवढी ठळक छापलेला अहवाल दिसला की अजूनही हात लाल पेनाकडे जातो.

40 टक्के सच्छिद्रतेचे, म्हणजे आकारमानाचा 40 टक्के भाग रंध्रांनी (बारीक छिद्रांनी) व्यापलेले, दोन तुकडे घ्या. एकात रंध्रे एकमेकांना जोडलेली, दुसऱ्यात प्रत्येक रंध्र चहूबाजूंनी बंद. पहिल्यातून पाणी आरपार जाईल, दुसऱ्यात शिरणारही नाही. लेखातला आकडा उघड्या रंध्रांचा की एकूण रंध्रांचा? नमुना कोरडा तोलायचा, पाण्यात उकळायचा, मग पाण्यात टांगून आणि शेवटी ओला पुसून पुन्हा तोलायचा, ही आमची रोजची चाचणी. तिच्यात फक्त उघडी रंध्रे सापडतात. बंद रंध्रांचा हिशेब लावायचा तर नमुन्याची बारीक पूड करून पदार्थाची खरी घनता काढावी लागते.

जोडलेली रंध्रेही एकसारखी नसतात. दोन पोकळ्यांमधली मान अरुंद असते आणि काय पलीकडे जाईल हे ती मान ठरवते. सच्छिद्रता तीच ठेवून रंध्रांचा व्यास निम्मा केला, तर पाणी साधारण चौपट कमी वाहते. रंध्रे मोजायला दाबाखाली पारा घुसवतात. रंध्र जितके बारीक तितका दाब जास्त, हे समीकरण वॉशबर्न या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञाने 1921 मध्ये मांडले. पण अरुंद मानेमागे मोठी पोकळी असली तरी तिची नोंद मानेच्याच मापाने होते. पारा पोकळीबद्दल चक्क खोटे सांगतो!

1884 मध्ये शांबरलाँ या फ्रेंच सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाने बिनझिलईच्या पोर्सेलिनची गाळणी केली. जिवाणू तिच्यात अडकत. 1892 मध्ये इवानोव्स्की या रशियन वनस्पतिशास्त्रज्ञाने तंबाखूच्या रोगट पानांचा रस तशाच गाळणीतून काढला, तरी रसाची रोग पसरवण्याची शक्ती गेली नाही. विषाणूंचा माग असा लागला, आणि त्यात महत्त्व होते ते रंध्रांच्या मापाला.

ताकदीबद्दल लेखात एकच ओळ आहे. रंध्रे वाढली की ताकद सरळ रेषेत नाही, घातांकी वेगाने घसरते. अॅल्युमिनात (अॅल्युमिनियम ऑक्साइडच्या सिरॅमिकमध्ये) 10 टक्के रंध्रांनी ती निम्म्यावर येऊ शकते. तशात टोकदार, भेगेसारखे रंध्र गोल रंध्रापेक्षा घातक.

भट्टीच्या अस्तराचे तर वेगळेच. हजार अंशांच्या पुढे मोठ्या रंध्रांतून उष्णता प्रारणाने, म्हणजे किरणांच्या रूपाने, बिनदिक्कत पार होते. तिथे रंध्रे पुष्कळ हवीत, पण बारीक. उलट, हाडाच्या रोपणासाठीच्या सच्छिद्र चौकटीत रंध्रांमधले जोडमार्ग साधारण 100 मायक्रॉनहून (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) मोठे लागतात. ते 10 मायक्रॉनचे असले, तर 80 टक्के सच्छिद्रता असूनही हाड आत वाढणार नाही.

तेव्हा विनंती एवढीच, की यापुढे असा आकडा छापताना त्याच्याशेजारी उघडी रंध्रे किती, मानेचे माप काय आणि ते कोणत्या पद्धतीने काढले, हे लेखकाकडून लिहून घ्यावे.

आपली,
सिरॅमिक प्रयोगशाळेतील एक निवृत्त कर्मचारी